सहाव्या कॅमेऱ्याचा काटा

सांगलीत नौदलाच्या जहाजांचे कॅमेरे बनतात असं सांगितलं की समोरचा माणूस आधी कृष्णेच्या दिशेला बघतो आणि मग माझ्याकडे. एका लग्नात शेजारी बसलेल्या गृहस्थांनी अगदी मनापासून विचारलं होतं, "मग जहाज इथवर आणतात कसं?" जहाज येत नाही, कॅमेरा जातो. टेम्पोतून, लाकडी पेटीत, जाड फोममध्ये बसून.

विश्रामबागेच्या थोडं पुढे आमची शेड आहे. कॅमेरा दिसायला साधाच, दुधाच्या किटलीएवढा, राखाडी रंगाचा, पुढे जाड काच. त्यानं जहाजाच्या डेकवर ऊन, खारा वारा आणि लाटांचे फटकारे खात उभं राहायचं, आणि माणसाच्या डोळ्याला काही दिसत नाही अशा उजेडातही समोरचं स्वच्छ दाखवायचं. आतले नाजूक भाग पुण्याच्या कंपनीकडून येतात, ऑर्डरही त्यांचीच. ॲल्युमिनियमची बॉडी साताऱ्यात बनते. जोडणी, चाचणी आणि सीलिंग ही कामं आमच्याकडे. मी चाचणी बघते. म्हणजे वह्या, तक्ते आणि याद्या बघते. भाजीची यादी करताना बटाटे आणि कांदे वेगळ्या ओळीत लिहिणारी मी, मला हे काम मानवलं.

सगळ्यात सीलिंगचं काम अवघड. काचेच्या मागे बांगडीसारखी काळी रबरी रिंग बसते. तिला ग्रीसचा पुसटसा हात द्यायचा, बॉडीच्या खाचेत ती एकसारखी बसवायची, मग काचेची चौकट ठेवून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचं. आतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन वायू भरायचा, म्हणजे समुद्रावर काचेला आतून वाफ धरत नाही. शेवटी दाबाचा काटा लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा तिथंच असला तर कॅमेरा पास. केसभर जरी खाली आला तरी कुठून तरी वायू गळतोय.

हे काम आमच्याकडे आक्का करते. तिच्या हाताखाली आणखी तिघी आहेत, पण शेवटची रिंग तीच बसवते. कवठे महांकाळच्या बाजूच्या गावातून रोज सकाळच्या एसटीनं येते. आधी बेदाण्याच्या शेडवर होती, बेदाण्यातले देठ आणि खडे वेचायला. तिथं बोटं अशी तयार झाली की रिंगवरची नुसती अंगठ्याला लागणारी चीर ती डोळे मिटून सांगते. तिच्या बाकड्यावर डबा ठेवायचा नाही, हात टेकायचे नाहीत, शिंकायचं तर दाराबाहेर जाऊन शिंकायचं. सरांनासुद्धा तिनं एकदा बाहेर पाठवलं होतं. सर म्हणजे आमचे मालक.

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर पुण्याहून पत्र आलं. सरांनी सगळ्यांना बोलावून वाचून दाखवलं. पुण्यात त्यांनी गाळलेल्या हवेची, धुळीचा कणही नसलेली नवी खोली बांधली होती. सीलिंग यापुढे तिथं करावं असा त्यांचा विचार होता. मात्र दसऱ्यानंतर तिथल्या मॅडम येऊन आमचे सहा कॅमेरे आणि त्यांचे कागद तपासणार होत्या, आणि त्यांना पटलं तर सीलिंग सांगलीत राहणार होतं. नाहीतर दिवाळीनंतर बाकडं बंद. आक्काला आणि त्या तिघींना पॅकिंगचं काम देऊ, असं पत्रात होतं.

आक्का सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजी माझं बाकडं पुन्याला नेनार आन मला हितं खोकी बांधाया ठेवनार व्हय?"

सरांनी पत्राची घडी घातली, उघडली, परत घातली.

"कॅमेरं किती म्हनला?"

"सहा."

"मग बसा की गप. सहा तर हायती."

पाच कॅमेरे खंडेनवमीच्या आधीच झाले. पाचही काटे ठाम. सहाव्याची काच उशिरा आली होती, तो दसऱ्यानंतर करायचा ठरला.

खंडेनवमीला आमच्याकडे झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. कॅमेऱ्याच्या काचेला हळद लागली तर काय होईल याची मला धास्ती होती, म्हणून मी दोन रकाने केले. एक पूजेला ठेवायचं, दुसरं झाकायचं. पूजेला: ड्रिल, प्रेस, संगणक, टेम्पो, पाने, स्क्रू ड्रायव्हर. झाकायचं: पाच तयार कॅमेरे, सहाव्याची बॉडी, काचा, रिंगांचा डबा, ग्रीस. झाकायच्या प्रत्येक वस्तूसमोर मी स्वतः टिक केली. आक्कानं पाटावर लाल कापड घातलं आणि मधोमध आपला टॉर्क ड्रायव्हर ठेवला. हा साधा स्क्रू ड्रायव्हर नव्हे, ठरलेला जोर आला की टक् आवाज करून तो आपण होऊन थांबतो. त्याला हळद, कुंकू, झेंडूचं फूल. तिचं हत्यारच ते. मीही हळदीचं बोट लावलं, हात जोडले आणि प्रसादाचा शिरा दोनदा घेतला.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी आक्कानं ड्रायव्हर कापडानं पुसला, नवे हातमोजे चढवले आणि सहावा कॅमेरा बांधला. पुढच्या सकाळी मी शेडचं कुलूप काढते न काढते तोच ती आतून ओरडली. ती माझ्याआधी मागच्या दारानं आली होती.

"आवं बाई, काटा खाली बसलाय!"

काटा खाली होता. थोडासा नाही, चांगला बोटभर.

आक्कानं कॅमेरा उघडला. रिंग बघितली, अंगठा फिरवला, काही नाही. ती टाकून नवी रिंग घेतली, परत सगळं बांधलं. दुपारपर्यंत काटा पुन्हा उतरायला लागला. पुण्याच्या मॅडम परवा येणार होत्या.

रिंग चांगली, काच चांगली, मग उरली बॉडी. मी साताऱ्याला फोन केला. तिथल्या मशीन शॉपचे मालक लष्कराच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्या भागात लष्करातून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, तसे तेही मेजर. मी माहेरची साताऱ्याची, त्यामुळे ते मला मुलीसारखं वागवतात, म्हणजे ओरडतात.

"माज्या खाचेत खोट? माज्या?"

"मेजर, खोट आहे असं मी म्हटलं नाही. बघायला पाहिजे असं म्हणतेय."

"तू काय बी म्हनू नगंस. उद्या मी सोता येतो."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गाडी चालवत आले. हातात चामड्याची पेटी, पेटीत भिंगं, मापं आणि डब्यात पुरणपोळ्या. आक्का बाकड्याच्या पुढे उभी राहिली, गाई-म्हशी शेतात शिरू नयेत म्हणून उभं राहतात तशी.

"पेटी तिकडं खाली ठेवा, मेजर. बाकड्यावर न्हाई."

"आक्का, म्या पंचवीस वरीस फौजेच्या गाड्या उघडल्यात. तुजं बाकडं काय मोडत न्हाई."

"फौजेत चिखल चालतो. हितं न्हाई."

मेजरनी भिंग लावून खाच तपासली. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मग मापाने मोजली. "आरशावानी हाय," म्हणाले. "तुज्या रिंगेतच कायतरी हाय, आक्का."

"माजी रिंग तुमच्या खाचंपरीस गुळगुळीत हाय."

"मग वायू काय शिट्टी वाजवत सोताहून भाईर आला?"

"तुमच्या खाचंतनंच आला आसंल, मेजर. वाट सापडली त्याला."

दोघं हसत होते, पण आक्का सारखी ड्रायव्हर उचलत होती, ठेवत होती.

मी अंधाऱ्या खोलीत गेले. ही आमची चाचणीची खोली. काळे पडदे, काळी भिंत, दार लावलं की भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही. तिथं कॅमेरा चालू करायचा आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता संगणकाच्या पडद्यावर वाचता येतो का ते बघायचं. पाचव्या कॅमेऱ्याची ही चाचणी बाकी होती, ती उरकून घ्यावी म्हटलं. नियम मीच केलेला, दारावर चिकटवलेला: एका वेळी एकच काम. पण मेजरना बॉडीत चीर आहे का ते बघायचं होतं. त्यांच्या वर्कशॉपमध्ये जांभळ्या दिव्याखाली चिरा शोधायचे म्हणे. तसा दिवा आमच्याकडे गोंद वाळवायला होता, आणि तो या खोलीच्या कोपऱ्यातच असतो. ते सहावी बॉडी घेऊन आत आले. त्यांच्यामागे आक्का, बॉडीवर लक्ष ठेवायला, हातमोजे घातलेली, मुठीत ड्रायव्हर तसाच.

"मेजर, माझी चाचणी चालू आहे, दिवा लावू नका," मी म्हणाले.

त्यांनी लावला.

मी रागावून पडद्याकडे बघितलं आणि तशीच बघत राहिले. साध्या डोळ्यांना कोपऱ्यात फिकट जांभळा उजेड दिसत होता, बस. पण पडद्यावर, आमच्याच पाचव्या कॅमेऱ्याच्या चित्रात, आक्काच्या मुठीतला ड्रायव्हर चकाकत होता. त्याच्या मुठीवर पकड यावी म्हणून बारीक खाचा असतात, त्यातली एकेक खाच उजळली होती. तिच्या हातमोज्यांची टोकं चमकत होती.

"आक्का, हात हलवा."

ठिपके हलले.

"आता बॉडी इकडे करा, मेजर."

बॉडीच्या खाचेत, अगदी रिंगेच्या जागी, एकच बारीक ठिपका. रव्याच्या कणाएवढा.

आक्का खाली वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "हळद हाय ती."

हळद होती. जांभळ्या दिव्याखाली हळद उजळते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिनं ड्रायव्हर पुसला होता, पण खाचांमधली कोरडी हळद तशीच राहिली. प्रत्येक वेळी ती नवे हातमोजे घालायची, ड्रायव्हर उचलायची आणि त्याच हातांनी नवी रिंग बसवायची. माझ्या यादीत काचा झाकायच्या होत्या, रिंगा झाकायच्या होत्या. पाने, ड्रायव्हर पूजेला ठेवायचे होते. पूजेनंतर ते ब्रशनं धुवायचे, ही ओळ मात्र कुठंच नव्हती.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "यादी माझी."

"हळद म्या लावली," आक्का म्हणाली.

"आन भांडान माज्यासंगं केलं दोघींनी," असं म्हणून मेजर दिवा फिरवायला लागले, आणि फिरवताना तो त्यांच्याच उघड्या पेटीवर गेला. पडद्यावर त्यांचं लाडकं माप काजव्यासारखं चमकलं. साताऱ्यातही खंडेनवमी असतेच की.

आक्का इतकी हसली की तिला टेबलाला धरावं लागलं. "आवं मेजर, तुमचं बी लगीन लागलंय! हळद लागली!"

मग त्या दोघांनी माझ्या वहीवर दिवा धरला. वहीचा पुठ्ठा उजळून निघाला. दसऱ्याला मी तिची पूजा केली होती.

दुपारी आक्कानं ड्रायव्हर दातांच्या ब्रशनं स्पिरिटमध्ये घासला, खाच धुतली, नवी रिंग, नवे मोजे. काटा लावला. आता कागदाचं काम उरलं होतं. चाचणीच्या तक्त्यात दोन वेळचं नापास आणि त्यापुढे कारण लिहायचं असतं. मी 'हळद' लिहायला पेन टेकवलं तर सर म्हणाले, "हळद लिहू नका."

"मग काय लिहू?"

"धूळ लिहा. नाहीतर पुण्याचे म्हणतील, सांगलीत हळद हवेतच असते. बाजारात हळद, गोदामात हळद. म्हणजे गावच चुकीचं. धूळ कुठंही असते."

बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. मी पेन उचलून धरलं.

आक्का बाकड्यापाशी उभी होती. ती सरांसमोर सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

"धूळ कशापायी? माजं बाकडं धुळीचं हाय व्हय? सात वरसं म्या ह्ये बाकडं पुसतीया. धूळ लिवली की त्यांस्नी पायजे ते मिळालं. हळद एक दिस लावली, चुकून ऱ्हायली, धुतली. हवेत आसंल तर लावा की त्यो दिवा बाकड्याला. बगा कुठं दिसती का!"

सरांनी माझ्याकडे बघितलं, मी मेजरकडे बघितलं, मेजरनी दिवा उचलला. खिडक्या लावल्या, बाकड्यावर काळं कापड धरलं. मी पाचवा कॅमेरा आणि त्याचा संगणक उचलून आणला. पडद्यावर आक्काचं बाकडं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काळंकुट्ट होतं, एकही ठिपका नाही. आम्ही स्टूल बघितलं, रिंगांचा डबा बघितला, तिचा डगला बघितला. काही नाही.

"लिहा," सर म्हणाले. "हळदच लिहा. आणि हे बाकडं तपासल्याचंही लिहा."

मी लिहिलं. पूजेचा दिवस, ड्रायव्हरची मूठ, हातमोजे, खाच, सगळं क्रमानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का पहिल्या एसटीनं आली आणि कुणालाही न सांगता काट्याकडे गेली. मी दारातून बघत होते. ती दोन पावलं मागे आली, परत पुढे जाऊन बघितलं आणि मग पदरानं तोंड पुसलं. काटा होता तिथंच होता.

पुण्याच्या मॅडम दहाला आल्या. वयानं आमच्याहून लहान, बोलणं नेमकं, चष्मा कपाळावर. सहाही कॅमेरे बघितले, मग कागद. पाच कागद भरभर उलटले. सहाव्यावर थांबल्या.

"हळद?"

"व्हय," आक्का म्हणाली. मी काही बोलायच्या आत.

"हळद म्हणजे कसली हळद?"

"पूजेची. खंडेनवमीला ह्येला लावली," असं म्हणून तिनं ड्रायव्हर पुढे केला. "आता न्हाई. घासलाय."

मॅडमनी सगळं दोनदा ऐकलं. दिवा मागितला, अंधाऱ्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं. बाहेर आल्यावर शेडच्या टोकापर्यंत जाऊन फोन लावला. आम्हाला ऐकू येत होतं.

"ऐक, आपल्या खोलीत नवमीला पूजा केली होती का? ... हो, हत्यारांची. ... ड्रायव्हरनाही? ... किती? ... बरं, गोंदाचा दिवा आहे ना, तो घे आणि दिवे बंद करून कॅमेऱ्यातून बघ. हो, आत्ता."

त्या परत येऊन बसल्या. मेजर मुद्दाम थांबले होते, त्यांनी पुरणपोळीचा डबा पुढे केला. मॅडमनी एक घेतली. अर्धी खाल्ली तोवर फोन वाजला. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. आधी कपाळाला आठी, मग ओठ दाबलेले, मग त्यांना आवरेना.

"सगळे ड्रायव्हर," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "दाराची मूठसुद्धा. गाळलेल्या हवेच्या खोलीच्या दाराला आमच्या माणसांनी हळदीकुंकू लावलंय."

मेजर मोठ्यानं हसले. सर हसावं की नाही या विचारात असताना त्या स्वतःच हसल्या, मग सगळी शेड हसली. आक्का तेवढी हसली नाही. ती वाट बघत होती.

मॅडमनी ते बघितलं आणि उभ्या राहिल्या. "सीलिंग इथंच राहू दे. पुण्याची खोली भागांच्या जोडणीला वापरू. आणि आमच्याकडच्या दोघी मुलींना मी महिनाभर इथं पाठवते. आक्का, शिकवाल?"

आक्का म्हणाली, "शिकवीन की. नखं कापून या म्हनावं. आन पुन्यावानी सहा वाजता घरला जायाचं न्हाई. काटा लावला की मगच जायाचं."

दिवाळी झाल्यावर त्या दोघी आल्या. विश्रामबागेत एका घरात राहिल्या. पहिला आठवडा आक्कानं त्यांना रिंगेला हातच लावू दिला नाही, नुसतं बघायला बसवलं. दुसऱ्या आठवड्यात टाकून दिलेल्या रिंगा देऊन डोळे मिटून चीर शोधायला लावलं. एकीला जमेना, ती रडवेली झाली. आक्का तिला म्हणाली, "मला बी वरीस लागलं, पोरी. तुजा अंगठा अजून कवळा हाय."

चौथ्या आठवड्यात त्या दोघींनी मिळून एक कॅमेरा पूर्ण बांधला. आक्का मागे हात बांधून उभी होती, एकदाही बोलली नाही, हे तिला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. सकाळी आम्ही चौघी काट्यापाशी गेलो. काटा जागेवर होता. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आक्कानं काटा बारकाईनं बघितला, मग बाकड्यापाशी गेली आणि स्वतःचं स्टूल बाजूला सरकवून मधे दोन स्टुलांची जागा केली.